पाणी दिलं होतं

१

दुपारचं जेवण झालं की मी खिडकीजवळच्या खुर्चीत बसतो आणि शेजारच्या स्टुलावर माझा मग ठेवतो. पांढरा, इनॅमलचा, कानाजवळ टवका उडालेला. त्यात काठोकाठ पाणी. त्या मगाला घरात दुसरं कोणी हात लावत नाही. लावला तर मला कळतं, आणि मला कळलं की घराला कळतं.

सगळं आयुष्य सॉ मिलमध्ये करवतीपुढे उभा राहिलो. डावा कान तिथेच ठेवून आलो. त्या बाजूला ढोल वाजवा नाहीतर शिव्या द्या, सारखंच. शाळा चौथीत सोडली, त्याचं दुःख नाही. भूतबित मी मानत नाही. आजही मानत नाही. जे झालं तेवढं सांगतो. त्याला नाव काय द्यायचं ते तुमचं तुम्ही बघा.

माझा मुलगा पोलिसात आहे. आहे म्हणजे होता. त्याच्या चौकीच्या कोठडीत एक माणूस मेला. चाव्या बनवून देणारा. रस्त्याच्या कडेला पेटी मांडून बसायचा. कुठेतरी कुलूप न तोडता चोरी झाली, म्हणून ह्याला उचलला. सकाळी उचलला आणि संध्याकाळी पांढऱ्या चादरीत बाहेर आणला. मग बोंब झाली, आणि चौकशीला वरून एक बाई नेमल्या. त्या वेळी चौघे जण चौकीत होते: साहेब, गाडीचा ड्रायव्हर, एक लठ्ठ शिपाई ज्याला सगळे जाड्या म्हणायचे, आणि माझा मुलगा.

चौकीत आता भिंतींना कान फुटले होते. म्हणून जबान्यांची तालीम करायला ते रविवारी दुपारी आमच्या घरी आले.

२

साहेबांनी मला हात जोडले. "आजोबा, तुम्ही चौकशीवाल्या बाई व्हा. मध्येमध्ये आडवं विचारा. तुम्हाला ते चांगलं जमतं असं ऐकलंय."

"ही मिशी घेऊन बाई होऊ?"

"मिशी बाजूला ठेवून या," जाड्या म्हणाला, आणि त्याचं पोट हसलं.

मला गंमत वाटली, नाही म्हणत नाही. मी खुर्चीत ताठ बसलो. ते चौघे पलंगावर आणि चटईवर. एकेक जण उठायचा, हात मागे घ्यायचा आणि पाठ केलेलं म्हणायचा.

"संशयित दुपारपासून अस्वस्थ होता. त्याने पाणी मागितलं. मी स्वतः त्याला पाणी दिलं. त्याने स्वतःच्या हाताने पेला घेतला, पाणी प्यायला आणि भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. नंतर हाक मारली तर उठला नाही."

ड्रायव्हरने म्हटलं. जाड्याने म्हटलं. माझ्या मुलाने खाली बघून म्हटलं. साहेबांनी तर छातीवर हात ठेवून म्हटलं.

"थांबा," मी म्हणालो. "चौघांनीही पाणी दिलं? तो माणूस होता की बैल?"

चौघे एकमेकांकडे बघायला लागले. मग कळलं ते असं. चौघांनी आपापली जबानी आपापल्या घरी बसून लिहिली होती. तरी प्रत्येकाने पाण्याचं वाक्य स्वतःच्या नावावर घातलं होतं. कोणी सांगितलं नव्हतं.

"असल्या प्रत्येक जबानीत पाणी असतंच, आजोबा," साहेब म्हणाले. "आमच्यात ती रीतच आहे. पाणी आलं की माणुसकी दिसते."

"मग एकाने दिलं म्हणा. बाकीच्यांनी गाळा."

"मी का गाळू?" ड्रायव्हर लगेच म्हणाला.

"मी तर मुळीच गाळणार नाही," जाड्या म्हणाला. "माझ्या जबानीत तेवढंच एक चांगलं वाक्य आहे."

तासभर भांडले. कोणी मागे हटेना. शेवटी साहेब कंटाळून म्हणाले, "राहू दे. चौघांनी थोडं थोडं दिलं. उन्हाळा आहे. तहान लागते माणसाला."

ते जायला उठले आणि मी मगाला हात घातला. मग रिकामा होता.

मी जाड्याला दारातच धरलं. "लाज वाटते का? म्हाताऱ्याच्या मगाला तोंड लावतोस?"

"आईशप्पथ आजोबा, मी त्या कोपऱ्यात होतो! आणि तुमच्या मगाला तोंड लावायला मला काय जीव जड झालाय?"

बाकीचे हसले. मीही त्याला सोडलं. पण मग कोरडा होता. ओघळ नाही, थेंब नाही. माणसाने पिऊन ठेवलेल्या भांड्यात तळाला चार थेंब राहतातच. ह्यात एकही नव्हता.

३

मी काही अडाणी घाबरट नाही. मग फुटलाय का बघायला भरून वर्तमानपत्रावर ठेवला. रात्र गेली, कागद कोरडा ठणठणीत. मांजर असेल म्हणून खिडकी लावून घेतली. ऊन असेल म्हणून स्टूल सावलीत ओढलं. पाणी होतं तसं राहिलं. चार दिवस त्या मगाने मला काही दाखवलं नाही.

पाचव्या दिवशी सकाळी मुलगा आरशासमोर दाढी करत होता. करता करता पुटपुटत होता, "मी स्वतः त्याला पाणी दिलं. त्याने स्वतःच्या हाताने..." मी दारातून बघत होतो. त्याच्यापुढे दाढीच्या पाण्याची वाटी होती. त्याने ब्रश बुडवायला हात नेला आणि ब्रश वाटीच्या तळावर टक्कन वाजला.

त्याने वाटीत बघितलं. मग आरशात माझ्याकडे बघितलं. त्याने नळ सोडला.

तेव्हापासून त्याला तहान लागायला लागली.

साधी नाही. पाण्याचा जग तोंडाला लावायचा, घटाघट प्यायचा, खाली ठेवायचा आणि पुन्हा ओठांवरून जीभ फिरवायचा. ओठांना भेगा पडल्या. खालचा ओठ मधोमध उकलला. सूनबाईने लोणी लावलं, काही झालं नाही.

"साखर असेल," ती म्हणाली. "तुमच्या घराण्यात असेल कुणाला."

"आमच्या घराण्यात गोड काही नाही," मी म्हणालो. "मला बघतेस ना रोज?"

"बघते तर! म्हणून तर कडू कारलं महिनाभर आणलं नाही घरात. गरजच नाही."

अशी आहे आमची सूनबाई. जीभ सुरीसारखी, पण नवऱ्यावर जीव ओवाळून टाकणारी. तिने त्याला डॉक्टरकडे ओढत नेलं. रक्त तपासलं. साखर नाही, काही नाही. डॉक्टर म्हणाला, भरपूर पाणी प्या.

चौकशीच्या बाईंपुढे पहिला नंबर ड्रायव्हरचा लागला. शपथ घेऊन, खणखणीत आवाजात बोलून आला म्हणे. आठवड्याने तो दवाखान्यात होता. मुलगा भेटून आला आणि दारातच खाली बसला.

"हाताला सुई लावलीय, बाबा. बाटलीवर बाटली चढवतायत. डॉक्टर म्हणतात, जातंय कुठे ते कळत नाही."

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर गेला. खांदा द्यायला मीही गेलो होतो. आयुष्यभर लाकडं उचललीत मी. तो वजनाला वाळलेल्या फळीएवढा होता.

पुढच्या आठवड्यात जाड्याची आणि माझ्या मुलाची पाळी होती.

४

घरात कोणी नव्हतं. सूनबाई बाजारात, मुलगा ड्युटीवर. भर दुपार, रस्त्यावर भाजीवाल्याची आरोळी. मी खुर्चीत बसलो, मग काठोकाठ भरून स्टुलावर ठेवला आणि मनाशी म्हटलं, म्हाताऱ्या, एकदाचा सोक्षमोक्ष लाव.

मोठ्याने म्हणालो, "मी त्याला पाणी दिलं."

काही नाही. भाजीवाला लांब गेला. मला स्वतःचंच हसू आलं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, ह्या वयात!

मग डाव्या कानात आवाज आला.

डाव्या. ज्यात वीस वर्षं काही वाजलं नाही, त्यात. घोट गिळल्याचा आवाज. एक घोट, मग श्वास. दुसरा घोट, मग श्वास. घाईघाईचा, मध्येच ठसका लागल्यासारखा. डॉक्टरने मला पूर्वी सांगितलं होतं की मेलेल्या कानात काहीही वाजतं, त्याकडे लक्ष द्यायचं नाही. मी लक्ष दिलं नाही. मगाकडे बघितलं.

मग हलला नव्हता. कोणी उचलला नव्हता, कलला नव्हता. पाणी नुसतं खाली जात होतं. टवक्याच्या खाली गेलं, अर्ध्यावर आलं. स्टुलाच्या कडेवर एक थेंब पडला, मग दुसरा. हनुवटीवरून पडतात तसे.

मी ते दृश्य ओळखलं. माझा उजवा हात एकदा करवतीत गेला होता आणि डावा खांदा निखळला होता. दोन्ही हात महिनाभर गळ्यात बांधलेले. तेव्हा मी असाच प्यायचो. भांडं टेबलावर आणि तोंड भांड्यात.

पाणी संपलं. आवाज थांबला. पण तो गेला नाही. कसं कळलं ते विचारू नका. दुकानदारापुढे गिऱ्हाईक गप्प उभं राहिलं, तरी ते उभं आहे हे त्याला पाठमोरा असताना कळतं, तसं.

माझे गुडघे कुरकुरतात, तरी मी उठलो. मग पुन्हा भरला आणि ठेवला.

"पी बाबा," मी म्हणालो. "मी म्हणालो दिलं, तर दिलं. मी खोटं बोलत नाही."

दुसरा मग त्याने हळू प्यायला.

५

संध्याकाळी मुलगा आला तसा मी त्याला खिडकीशी बसवलं.

"त्याचे हात बांधले होते का रे?"

त्याचा चेहरा उतरला. "कोणी सांगितलं तुम्हाला?"

"कोणी का सांगेना. बांधले होते?"

"मागे. दोरीने. साहेब म्हणाले, चावीवाला आहे, बेड्या घातल्या तर उघडेल." त्याने ओठांवरून जीभ फिरवली. "मी आत नव्हतो, बाबा. मारलं त्या तिघांनी. मी दारावर होतो."

"आणि पाणी?"

सूनबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती.

"साहेब म्हणाले होते, कबूल करेपर्यंत घोटभर नाही. तो गजांपाशी सरपटत आला. दादा, पाणी, म्हणाला. मला दादा म्हणाला. माझ्या हातात बाटली होती, मी स्वतः पीत होतो. पुन्हा म्हणाला. मी बाटलीचं बूच लावलं आणि तोंड फिरवलं."

"बस," सूनबाई म्हणाली. "असलं घरात बोलायचं नाही."

"बोलू दे त्याला," मी म्हणालो. "हे बघ पोरा. बाईंपुढे हेच सांग. जे मला सांगितलंस ते, शब्दाला शब्द."

"नोकरी जाईल. आतही टाकतील."

"आत टाकलं तर मी रोज डबा घेऊन येईन. ड्रायव्हरला आता कोण डबा नेतंय?"

सूनबाई उसळली. "मामंजी, तुम्हाला काय जातंय सांगायला? उद्या लोक मला काय म्हणतील? तहानलेल्याला पाणी न देणाऱ्याची बायको?"

"लोकांच्या तोंडाचं नंतर बघू. आधी ह्याच्या ओठांकडे बघ."

तिने बघितलं. उकललेल्या ओठातून रक्ताचा एक थेंब आला होता, आणि त्याने तो चाटून घेतला. एवढ्या घाईने, की ती आत निघून गेली.

६

चौकशी सरकारी कचेरीतल्या एका लांबट खोलीत होती. पंखे, खुर्च्या, भिंतीवर बंद पडलेलं घड्याळ. बाईंच्या टेबलावर काचेचा जग आणि दोन पेले. मी पहिल्या रांगेत बसलो. उजवा कान पुढे केला, डावा मागे ठेवला. म्हटलं, इथे तरी एकच कान कामाला लागू दे.

जाड्या आधी उठला. त्याचं पोट उतरलं होतं, वर्दी अंगावर लोंबत होती. तालमीसारखंच बोलला, एक अक्षर चुकला नाही. पाण्याच्या वाक्याला आला तेव्हा मी जगाकडे बघितलं. जग अर्ध्यावर आला.

बाईंचा शिपाई पुढे झाला, जगाकडे बघून थबकला, मग तो उचलून भरून आणला. त्याला वाटलं असेल, आपणच कमी भरला होता. माणूस नेहमी असलं काहीतरी धरून बसतो. मीही बसलो होतो की.

मग माझा मुलगा. शपथ घेतली. साहेब मागच्या रांगेतून त्याच्या पाठीवर डोळे रोखून बसले होते.

"त्याने पाणी मागितलं," मुलगा म्हणाला, आणि थांबला. घसा एवढा कोरडा की शब्द फाटून येत होते. "त्याने पाणी मागितलं. मी दिलं नाही."

खोलीत एक खुर्ची करकरली.

"त्याचे हात मागे बांधलेले होते. दिलं असतं तरी त्याला पेला घेता आला नसता. मी ऐकलं आणि तोंड फिरवलं. पाणी मी दिलं नाही. कोणीच दिलं नाही."

पुढचंही सगळं सांगितलं. कोणी कशाने मारलं ते. आवाज हळूहळू मोकळा होत गेला. बाईंनी पेला त्याच्याकडे सरकवला. त्याने अर्धा प्यायला, खाली ठेवला आणि म्हणाला, "पुरे."

किती दिवसांनी ऐकला मी तो शब्द त्याच्या तोंडून! उरलेला अर्धा पेला टेबलावर तसाच राहिला. मी डोळे वटारून बघत होतो. पाणी केसभरही हललं नाही.

"साफ खोटं!" साहेब उभे राहिले. बाई त्यांना बसा म्हणाल्या, ते बसले नाहीत. "ह्या हाताने, बाई, ह्या माझ्या हाताने मी त्याला पाणी दिलंय!"

मी जगाकडे बघितलं नाही. साहेबांच्या ओठांकडे बघितलं. आणि खरं सांगतो, मला त्यांची कीव आली.

७

मुलाला वर्दी उतरवावी लागली. खटला व्हायचाय, त्यात त्याचं काय होईल ते होईल. पण रात्री गाढ झोपतो. सकाळी एक पेला पाणी पितो आणि ढेकर देतो. साहेबांना मोठ्या शहरातल्या मोठ्या दवाखान्यात हलवलंय, एवढंच कानावर आलं. उजव्या.

मी माझा नेम चुकवला नाही. दुपारी जेवण झालं की माझा मग भरून स्टुलावर ठेवायचो, म्हणायचो, "पी बाबा," आणि बाहेर बघत बसायचो. घोट वाजायचे. पहिल्यासारखी घाई राहिली नव्हती. एकदा तर त्याने तळाला थोडं ठेवलं. पोट भरलेला माणूस ठेवतो तसं.

काल दुपारी मग भरला, ठेवला, म्हणालो. घोट आला नाही. वाट बघितली. पाणी काठोकाठ तसंच. वर एक चिलट येऊन बसलं.

मला बरं वाटलं. मी म्हटलं, सुटला बिचारा. आणि सोडवला कोणी? ह्या चौथी नापास म्हाताऱ्याने. पाय लांब केले, डोळे मिटले.

स्वयंपाकघरातून बोलणं येत होतं. मागच्या दारात शेजारीण आली होती. तिचा आवाज मला ओळखता येतो, सहानुभूतीच्या नावाने चिमटे काढणारा.

"नाही, लोक काय काय बोलतात गं. तहानलेल्याला पाणी दिलं नाही म्हणे. मी म्हटलं, असं कसं होईल?"

"अहो, काहीतरीच!" सूनबाई म्हणाली. "ह्यांना दबाव टाकून तसं बोलायला लावलं. पाणी दिलं होतं. मी आपली त्या दिवशी डबा द्यायला गेले होते ना चौकीत? माझ्या डोळ्यांदेखत दिलं. मीच तर पेला भरून दिला ह्यांच्या हातात!"

ती त्या दिवशी घरातून हललीही नव्हती.

डाव्या कानात घोट वाजला. स्टुलापाशी नाही. आतून.

मी उठलो. दारापर्यंत चार पावलं, पण चालता चालता दमलो. सूनबाई माझ्याकडे पाठ करून उंबऱ्यात उभी होती, पदराने वारा घेत. तिच्या मागे ओट्याखाली पाण्याची बादली. आणि बादलीवर कोणीतरी ओणवं होतं. मला तोंड दिसलं नाही. पाठ दिसली, आणि पाठीवर एकावर एक ठेवलेली दोन मनगटं. बोटांना काळं वंगण लागलं होतं, कुलपाचं लागतं तसं. मी पापणी लववली तेवढ्यात नुसती बादली उरली. पाणी तळाशी डचमळत होतं.

"सूनबाई," मी म्हणालो, "आत्ता बोललीस ते मागे घे. दिलं नव्हतं म्हण. तिच्यासमोर म्हण, आत्ताच्या आत्ता."

शेजारीण दोघांकडे टकामका बघत राहिली. सूनबाईचे डोळे भरून आले, रागाने की कशाने कोण जाणे.

"मामंजी, सगळ्या जगाने थुंकून झालं माझ्या नवऱ्यावर. आता मीही थुंकू? दिलं होतं पाणी. दिलं होतं! मेले तरी दुसरं काही म्हणणार नाही."

असं म्हणून तिने ओठांवरून जीभ फिरवली.

"आणि तो मग आणा जरा इकडे," ती म्हणाली. "घशाला नुसती कोरड पडलीय."

माझा मग कोणी मागत नाही. पण मी तो आणला आणि दिला. ती उभ्या उभ्या, दम न घेता सगळा प्यायली, आणि रिकामा मग पुन्हा माझ्यापुढे धरला.